मुंबईचा प्लेग, एका खोलीतलं आयुष्य आणि शहराचा महारवाडा

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याची जी चिरफाड केली, ती आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खेडं म्हणजे भारताचा आत्मा वगैरे भाबडेपणा त्यांनी एका भाषणात झाडून टाकला. गाव सोडा, शहर गाठा, हे त्यांनी सांगितलं आणि आपल्या तीन-चार पिढ्यांनी ते मनावर घेतलं. गिरणीत, रेल्वेत, गोदीत, म्युनिसिपालटीत आपण शिरलो. शाळा मिळाली, रोख पगार मिळाला, जोहार घालणं सुटलं. शहराचे हे उपकार आपण नाकारत नाही.

पण खेड्याची चिरफाड केली तशी शहराची आपण केली का? शहरात लोकलच्या दारात कुणी जात विचारत नाही, हे खरं. मात्र गटाराची लाईन कुठून जाईल, पाण्याची टाकी कुठे बसेल, कचऱ्याचा डोंगर कुणाच्या खिडकीसमोर उभा राहील, हे ठरताना जात विचारावीच लागत नाही. ती आधीच ठरलेली असते. आपल्याकडे महारवाडा बहुतेक गावांत पूर्वेला असतो. आपल्या अंगावरचा वारा गावाकडे जाऊ नये, गावावरून आलेला वारा आपल्याकडे यावा, म्हणून ही व्यवस्था, असं जुने लोक सांगत आले. आता मुंबईचा नकाशा काढा. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो. देवनारचं डम्पिंग ग्राउंड, ट्रॉम्बे-माहुलच्या रिफायनऱ्या, कत्तलखाना, दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी हे सगळं कुठे आहे? पूर्वेला.

हे आपोआप झालेलं नाही. याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात करायला प्लेगच्या सालाइतकी चांगली जागा नाही.

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराच्या परिसरात धान्याची गोदामं, दाटीवाटीची घरं आणि बोटींची सततची ये-जा. तिथल्या रुग्णांना तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत आठ लाखांच्या या शहरातलं जवळपास निम्मं माणूस गावाकडे पळालं. गिरण्या ओस पडल्या. पुढच्या दोन-अडीच दशकांत या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं खाल्ली.

सरकारने काय केलं? प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे मुंबईतल्या अधिकाऱ्यांना कळलेलं नव्हतं. दुर्गंधी, ओल, घाण हवा आणि गरिबांच्या सवयी यांतून रोग उपजतो, ही जुनी समजूत त्यांच्या डोक्यात घट्ट होती. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अॅसिड सोडण्यात आलं. चाळींच्या भिंती धुतल्या, कौलं काढून उन्हं आत घेतली, अंथरुणं-पांघरुणं जाळली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदीर आणि पिसू यांचं नातं दाखवून दिलं, तेही कित्येक वर्षं कुणी मानलं नाही. पुढे परळच्याच प्रयोगशाळेत प्लेग संशोधकांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे रोग पसरवत होती उंदरावरची पिसू, उंदीर पोसत होती धान्याची गोदामं, आणि गुन्हेगार ठरला खोलीत राहणारा गरीब. गोदामाच्या मालकाला सवयी सुधारायला कुणी सांगितल्याचं आमच्या वाचनात नाही.

१८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच तो कायदा, जो १२३ वर्षांनी कोरोनात पुन्हा बाहेर काढला गेला. घरात शिरणं, माणूस उचलणं, सामान जाळणं या सगळ्याला त्याने मोकळीक दिली. पुण्यात रँडच्या कारभाराविरुद्ध काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. चाफेकर आहेत, टिळक आहेत. त्या पुस्तकात काय नाही, ते आपल्याला माहीत आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे, या देशातल्या कामगार चळवळीचे जनक, मुंबईत प्लेगच्या रुग्णांसाठी धावपळ करत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्चला सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत आल्या होत्या. ज्या काळात घरात शिरणारे सोल्जर बाटवतात म्हणून सवर्ण समाज पेटून उठला होता, त्याच काळात एक माळ्याची बाई महाराच्या पोराला पाठीवर घेते! साथीच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट आम्हाला दिसत नाही.

पण आज आम्हाला बोलायचं आहे ते तिसऱ्याच माणसाबद्दल. त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

त्या काळच्या मुंबईत पाणी होतं, पण पाणी जायला वाट नव्हती. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. लाखो लिटर पाणी शहरात ओतलं गेलं, मात्र भुयारी गटारं फोर्ट आणि आसपासच्या बऱ्या वस्तीत आधी गेली, गिरणगावात फार उशिरा. वापरलेलं पाणी जमिनीत मुरत राहिलं. त्यात गिरणगावाची जमीन मुळातच खोलगट. महालक्ष्मीला बांध घालून अठराव्या शतकात समुद्र अडवला, त्यामागची ही दलदल भरतीच्या पातळीखाली होती. ती भरून काढायला शहरातला केरकचराही वापरला. भरावावर गिरण्या आल्या, गिरण्यांभोवती चाळी आल्या. कामगार अक्षरशः शहराच्या उकिरड्यावर राहायला आला. पावसाळ्यात ती जमीन पाणी ओकायची आणि मलेरिया, हगवण, खोकला घरात यायचा.

आता दोन चाळींच्या मधली घरगल्ली डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन हात रुंदीची अंधारी पट्टी. वरच्या मजल्यांवरच्या संडासांची पोकळी खाली उतरते आणि तळाला टोपली असते. ती टोपली उचलणारा माणूस म्हणजे हलालखोर. पहाटे तो मागच्या बाजूने घरगल्लीत शिरायचा, टोपली बाहेर काढून गाडीत रिकामी करायचा. वरून कुणी खरकटं पाणी टाकलं तर ते त्याच्या अंगावर. मैला उचलणारे हे लोक मुख्यतः गुजरात-काठियावाडातून आणलेले. रस्ते झाडणं, कचऱ्याच्या गाड्या भरणं हे काम घाट आणि कोकणातून आलेल्या महार-मांगांकडे. म्हणजे म्युनिसिपालटीच्या खात्यांतसुद्धा जातींची पायरी शाबूत! घरमालकाकडून यासाठी जो कर घ्यायचे, त्याचं नाव होतं हलालखोर टॅक्स. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात तो आहे. एखाद्या आधुनिक शहराने जातीच्या कामावर कर बसवून तो पाणीपट्टीच्या शेजारी लिहावा, यावरून त्या आधुनिकतेची जात कळते.

प्लेग आला तेव्हा म्युनिसिपल कमिशनर होते पी. सी. एच. स्नो. ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम निघाला. महिनाअखेर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. हुकूम मग सैल झाला. का? कमिशनरने आपल्या अहवालात जी भीती नोंदवली ती वाचण्यासारखी आहे. गिरणी कामगार पळाले तर गिरण्या बंद पडतील, एवढ्यावर ती थांबत नव्हती. सक्तीला घाबरून हलालखोर आणि झाडूवाले पळाले तर हे शहर राहण्यालायक उरणार नाही, ही खरी धास्ती होती. व्यापारी पळाले, वकील पळाले, शेठ पळाले, शहर टिकलं. टोपली उचलणारा पळाला असता तर मात्र टिकलं नसतं.

ज्या माणसाशिवाय शहर आठवडाभर उभं राहू शकत नाही, हे साहेबाला १८९६ मध्ये कळलं, त्या माणसाला त्या ज्ञानातून काय मिळालं? त्याला मान मिळाला नाही, मोरी असलेली खोली मिळाली नाही. सफाई कामगारांनी नोटिशीशिवाय काम सोडलं तर तो गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी मात्र नगरपालिकांच्या कायद्यांत आल्या.  बाबासाहेबांनी पुढे गांधीवादाची झाडाझडती घेताना नेमकं यावर बोट ठेवलं. भंगीकाम हे पवित्र कार्य आहे असं म्हणणं म्हणजे ते काम त्याच जातीच्या गळ्यात कायमचं बांधणं. १९३० च्या दशकात मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांच्या संघटनेचं नेतृत्व त्यांनी केलं ते याच समजेतून. शहराच्या आरोग्याची किल्ली कुणाच्या हातात आहे, हे त्यांना स्नोसाहेबाइतकंच कळलेलं होतं, आणि त्या किल्लीने कुठलं दार उघडायचं हे जास्त कळलेलं होतं.

प्लेगच्या धक्क्याने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नावात सुधारणा, आणि कामाची पद्धत अशी की आधी पाडायचं. नागपाड्यापासून सुरुवात झाली. समुद्राची हवा शहराच्या पोटात खेळावी म्हणून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आजचा मोहम्मद अली रोड हे त्याच काळातले. रस्ते चांगले झाले यात शंका नाही. पण ज्या खोल्या पाडल्या त्यांत राहणारे लोक गेले कुठे? ट्रस्टने पाडलं जास्त आणि बांधलं कमी. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत शिरली, पोटभाडेकरू म्हणून राहिली, एका खोलीत तीन बिऱ्हाडं झाली. दाटी कमी करायला निघालेल्या योजनेने दाटी दुसऱ्या गल्लीत नेऊन ठेवली. उत्तरेकडे दादर-माटुंग्याला मात्र आखीव प्लॉट पडले, बागा आल्या, तिथे मध्यमवर्गाने घरं बांधली. हवा आणि उजेड यांची वाटणी त्या दशकांत झाली ती अशी.

ट्रस्टने ज्या थोड्या चाळी बांधल्या, त्यांतली एक परळच्या पोयबावडीत. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, १९१२ च्या सुमारापासून जवळपास दोन दशकं एक कुटुंब राहत होतं. सुभेदार रामजींचं कुटुंब, मग भीमरावांचं आणि रमाईचं. त्याआधी हे कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत राहिलेलं. ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेब चाळकरी होते. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा चाळकरी होते. महाडला निघाले तेव्हाही चाळकरीच होते. प्लेगने जन्माला घातलेल्या इमारतीत आपल्या चळवळीचं बाळपण गेलं, ही गोष्ट त्या चाळीला भेट देणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

बाबासाहेब आणि रमाईच्या पाच अपत्यांपैकी चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी जुलै १९२६ मध्ये राजरत्न. त्या मृत्यूंचं कारण चाळ होती, असं म्हणायला आपल्याकडे पुरावा नाही, आणि भावनेच्या भरात पुरावा तयार करणं हे आपलं काम नाही. पण त्याच वर्षांत मुंबईच्या आरोग्य खात्याने एक तक्ता छापला होता, तो आपण बघू शकतो. १९२१ सालचा. नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत किती मुलं दगावली, ते घरातल्या खोल्यांप्रमाणे दिलेलं आहे. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात १३३. तीन खोल्या, १९१. दोन खोल्या, ३२१. आणि एक खोली किंवा त्याहून कमी असलेल्यांत ८२८.

पुन्हा वाचा. हजारात आठशे अठ्ठावीस.

या आकड्यात एक फुगवटा आहे, तो लपवू नये. कामगार बाया बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मूल मुंबईत परतल्यावर मेलं तर मृत्यू इथे. त्यामुळे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा मोठं दिसतं. विरोधक हे बोलणारच, म्हणून आपणच आधी बोलतो. पण फुगवटा काढूनही शिडी शिल्लक राहते. खोली वाढली की मूल जगतं. दोन खोल्या ते चार खोल्या या पायऱ्यांवर फुगवट्याचं कारण फारसं लागू नाही, तरी मृत्यू निम्म्याहून कमी होतो. आणि मुंबईतल्या कामगार वर्गात एका खोलीत राहणारे किती होते? त्याच काळातल्या सरकारी लेबर ऑफिसच्या पाहणीप्रमाणे ९७ टक्के.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणारं बिल आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, तोवर मालकानेही तो टाळता कामा नये, ही त्यांची भूमिका. चार मुलं पुरलेल्या बापाचं ते भाषण आहे. त्यात स्वतःबद्दल एक शब्द नाही.

गिरणीच्या आतली गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाऊ. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि एकाने ओढलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. विटाळ! तोंडाने धोटा ओढण्यातून क्षय पसरू शकतो, यावर बोंब कमी झाली. विटाळावर संपाच्या मागण्यांत भांडण झालं. १९२८-२९ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा रेटला तेव्हा लाल बावट्याचे पुढारी कसे अवघडले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता १९२७ सालावर थांबू. हे साल आपल्याला का माहीत आहे, ते सांगायला नको. २० मार्च १९२७, चवदार तळं. पाणी सार्वजनिक आहे आणि आम्ही त्या जनतेत आहोत, एवढंच म्हणायला हजारो माणसं तळ्याकडे चालत गेली. नंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं, ते शेण, गोमूत्र, दही-दूध ओतून. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध आणि ओंजळभर पाणी पिणारे अशुद्ध. ब्राह्मणी स्वच्छता म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं कुणी समजावून सांगू शकणार नाही. तिचा आरोग्याशी संबंधच नसतो.

त्याच १९२७ साली मुंबई म्युनिसिपालटीने देवनारला शहराचा कचरा टाकायला सुरुवात केली.

त्याआधी दोन दशकं कचरा आगगाडीने पूर्वेकडे जातच होता. कुर्ला ते चेंबूर हा रुळ १९०६ मध्ये मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठी टाकलेला आहे. माणसांची गाडी त्यावर १९२४ मध्ये आली. चेंबूर-गोवंडीला आधी कचरा पोचला आणि मग प्रवासी, हा क्रम महत्त्वाचा. देवनारला खाडी होती, खारफुटी होती, मिठागरं होती. शहराच्या हिशेबात ती रिकामी जागा. पुढे शहराला जी माणसं नको झाली तीही याच रिकाम्या जागेत टाकली गेली. सत्तरच्या दशकात ठिकठिकाणच्या झोपडपट्ट्या उठवून लोकांना गोवंडीच्या शिवाजीनगरात आणलं. १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडून लोकांना चीता कॅम्पच्या दलदलीत नेलं. दलित आणि मुस्लिम. गावात हे दोघे वेगळ्या टोकांना राहत होते, मुंबईने त्यांना एका डम्पिंगच्या कुशीत शेजारी केलं. त्या शेजारातून राजकारण काय उभं राहिलं आणि काय राहू शकलं नाही, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

आज या भागाला म्हणतात एम पूर्व वॉर्ड. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत हा शेवटचा. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंगला आग लागली, धूर कित्येक दिवस शहरभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मग पहिल्यांदा दक्षिण मुंबईच्या टीव्ही स्टुडिओत देवनार हा शब्द ऐकू आला. वारा क्षणभर उलटा वाहिला होता, एवढंच.

आणि पाणी? ज्या तानसाच्या पाण्याने १८९२ मध्ये शहराची तहान भागवली, त्या जलवाहिनीला चिकटून हजारो कुटुंबं राहत होती. त्यांच्या उशाशी शहराचं पाणी वाहत होतं आणि कित्येकांच्या घरात नळ नव्हता. १९९५ नंतरच्या झोपडीला पाणी द्यायचं नाही, असं सरकारचं परिपत्रकच होतं. ते पाणी मागायला लोकांना हायकोर्टात जावं लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी पाणी हा जगण्याच्या अधिकाराचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे. महाडनंतर ८७ वर्षांनी! पुढे जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी या कुटुंबांना उठवलं. पुनर्वसन कुठे? माहुलला, रिफायनऱ्यांच्या भिंतीला लागून. माहुलच्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे, हे हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलेलं होतं. घरं मिळूनही लोक आजारी पडू लागले, रस्त्यावर बसले, कोर्टात लढले. सप्टेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की नवीन कुणाला तिथे पाठवू नका आणि ज्यांना राहायचं नाही त्यांना दरमहा १५ हजार भाडं द्या. एका माणसाला पाण्यापासून उठवून विषारी हवेत बसवायचं, याला आपल्याकडे पुनर्वसन म्हणतात. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला हे शब्द वाचून घरी आल्यासारखं वाटलं असतं.

१९२० मध्ये गव्हर्नर लॉइडच्या काळात बीडीडीची योजना आली. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या, बांधल्या सोळा हजारांच्या आसपास. २०७ चाळी, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. तरी त्या चाळींमध्ये रुंद अंतर होतं, मधे मैदान होतं, आणि त्या मैदानांत आपल्या सभा झाल्या, पँथर वाढली. आजच्या पुनर्वसनाच्या इमारती बघा. खोलीला स्वतंत्र संडास आला, ही मोठीच गोष्ट. पण इमारत आणि इमारत यांच्यामध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही दिवा लागतो. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड यांचा डॉक्टर आणि संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. ऊन आणि वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबीचं प्रमाण जास्त, आणि मोकळं अंतर राखलेल्या दुसऱ्या वसाहतीत ते कितीतरी कमी. माणसं त्याच थरातली, उठवलेली तशीच, खाणंपिणंही तसंच. फरक दोन भिंतींमधल्या अंतराचा. प्लेगच्या काळात घरगल्ली दोन-तीन हातांची होती. तिची आता तीन मीटर रुंद आणि सात मजली उंच आवृत्ती निघाली आहे, आणि ती कायदेशीर आहे, कारण झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बिल्डरला मोकळ्या जागेची सवलत मिळते. मध्यमवर्गाच्या टॉवरला जो नियम, तो गरिबाच्या इमारतीला नाही.

आपल्या तरुणांमध्ये डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, आर्किटेक्ट आहेत, माहिती अधिकारात तरबेज झालेले तर गल्लोगल्ली आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे किती वॅटचा, यावर वाद घालायला आपल्याला वेळ मिळतो. १९२१ मध्ये इंग्रजांच्या म्युनिसिपालटीने खोल्यांप्रमाणे मृत्यूंचा तक्ता छापला होता. आज आपल्या नगरसेवकाकडे मजल्याप्रमाणे टीबीचा तक्ता कुणी मागितला आहे का? मॅनहोलमधल्या मृत्यूंच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. आपल्या शहरात त्या निकालानंतर किती कुटुंबांना किती रक्कम मिळाली, ही यादी कुठल्या शाखेच्या भिंतीवर लागली आहे? कचऱ्याच्या गाडीवरच्या कंत्राटी कामगारांना कायम करून घ्यायला संघटनेला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, २०१७ मध्ये २,७०० जण जिंकले. ते जिंकले कारण त्यांनी हजेरीची कागदपत्रं वर्षानुवर्षं सांभाळली होती.

आता ताजी गोष्ट. २०२४ मध्ये राज्य सरकारने देवनार डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावीतून अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. जवळपास शंभर वर्षांचा कचरा उपसून तिथे इमारती उभ्या राहणार आहेत. खालच्या जमिनीतून निघणारा वायू किती वर्षं निघत राहील, पाण्याची लाईन कोणत्या थरातून जाईल, उरलेल्या डम्पिंगपासून पहिली इमारत किती मीटरवर असेल आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीपासून समोरची भिंत किती फुटांवर असेल, हे आकडे आराखड्यात असतात. आराखडे मंजुरीला येण्याआधी हरकती मागवल्या जातात आणि त्या बहुतेक वेळा येत नाहीत. गोवंडी-मानखुर्दच्या कार्यकर्त्यांसोबत आम्ही या हरकतींचा मसुदा तयार करायला घेतला आहे. ज्यांना नकाशा वाचता येतो त्यांनी यावं.